एकतीस नंबरची ओळ

आधीच सांगून टाकतो, मी काही शास्त्रज्ञ नव्हे. दुधनातीर कृषी विद्यापीठाच्या ज्वारी संशोधन केंद्रावर मी भांडारपाल होतो, एकोणतीस वर्षं. बियाण्याची पाकिटं, औषधाचे डबे, पिशव्या, सुतळी, खुरपी, सगळं माझ्या ताब्यात. माणिकराव म्हटलं की लोकांना किल्ल्यांचा जुडगाच आठवायचा. आता निवृत्त झालोय, सेलूला असतो, गुडघे दुखतात आणि राग लवकर येतो. बायको म्हणते, लिहा एकदाचं आणि मोकळे व्हा. मोकळाबिकळा काही मी होत नाही. पण सटवाजीबद्दल कुणीतरी लिहायला पाहिजे, आणि जे घडलं ते माझ्याएवढं कुणाला माहीत नाही.

सटवाजी आमच्याकडचा रोजंदारी मजूर. धनगराच्या घरचा. घरी वीसेक मेंढरं, चार शेरडं आणि आई अंबाबाईच्या नावावर माळाच्या कडेला दीड एकर रान. उंच, काळासावळा, चालताना जरा पुढं वाकलेला. कायम करायच्या मजुरांची यादी दरवर्षी निघायची, त्यात त्याचं नाव असायचं आणि यादी दरवर्षी फाइलीत जाऊन झोपायची. त्याबद्दल तो कधी चकार शब्द बोलला नाही. मीच बोलायचो, चिडायचो, आणि तो म्हणायचा, "जाऊ द्या की माणिकराव, तुमचं डोकं कामून तापायलंय?"

त्याच्या हाताला मात्र तोड नव्हती. ज्वारी निसवली, म्हणजे कणसं बाहेर पडली, की बाहेरचा पराग लागू नये म्हणून निवडलेल्या कणसांवर कागदी पिशव्या चढवतात. तेव्हा कुठं बी शुद्ध राहतं. पिशव्यांवर पेन्सिलीनं ओळीचा नंबर घालून मी गठ्ठे तयार ठेवायचो आणि मजूर त्या चढवायचे. शिकायला आलेली पोरं दिवसभरात शंभर पिशव्या चढवायची, त्यातल्या वीस वारं घेऊन जायचं. सटवाजीची पिशवी कधी उडाली नाही. देठाशी अशी घडी घालायचा की कणसाला वारा लागायचा, पण पिशवी हलायची नाही. साहेब लोक येऊन त्याचे हात बघायचे. त्यांच्या प्रबंधात त्या हातांचं नाव कधी आलं नाही, ती गोष्ट वेगळी.

दोन हजार पंधरा सालचा दुष्काळ आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. त्या वर्षी रब्बी ज्वारी पेरली तीच मुळी नशिबावर. दाणा भरायच्या वेळेला जमिनीत ओल राहिली नाही आणि खडखड्या आला. हा रोग ताटाला, म्हणजे ज्वारीच्या धाटाला, आतून पोखरतो. वरून ज्वारी ठीक दिसते, आणि एका सकाळी बघावं तर सगळं रान आडवं. अंबाबाईचं दीड एकर असंच झोपलं. सटवाजी तिथं मेंढरं घेऊन गेला, म्हटलं निदान जनावरांच्या तरी पोटात जाईल. तर मेंढरं पडलेल्या ज्वारीला तोंड लावीनात, सगळी बांधाच्या एका कोपऱ्याकडं पळाली. तिथं एकच ताट उभं होतं. बुडापासून हिरवं, वर भरलेलं कणीस. दुसऱ्या कुणी ते मेंढरांना खाऊ दिलं असतं. सटवाजीनं मेंढरं हाकलली, कणीस कापलं आणि फडक्यात बांधून दुसऱ्या दिवशी केंद्रावर घेऊन आला.

आमचे तेव्हाचे शास्त्रज्ञ भुजंग सर. माणूस खरा होता. मजुरांबरोबर बांधावर बसून भाकरी खाणारा. सटवाजीनं फडकं त्यांच्या टेबलावर सोडलं, तेव्हा मी तिथंच होतो.

"आईच्या रानातलं हाय सर. समदी ज्वारी झोपली, ही एकटी उभी हाय. ताट बी आजून हिरवंच हाय बगा."

सरांनी कणीस उचललं, दाणा दातानं फोडला, पुन्हा कणीस बघितलं. म्हणाले, "सटवाजी, हे टिकलं ना, तर मराठवाड्याच्या कोरडवाहू रानाला सोनं मिळेल. किती वर्षं लागतील सांगता येत नाही. पण टिकलं तर वाणाला नाव तुझ्या आईचं. शब्द देतो."

"चेष्टा करायलात का सर?"

"चेष्टा कशाला करू? अंबा. नाव चांगलं आहे की."

पुढच्याच चैत्रात अंबाबाई गेली. तिनं आपल्या हातानं पेरलेलं ते शेवटचं पीक. मी मातीला गेलो होतो. सटवाजी मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाला, "माणिकराव, त्या कणसाची निगा राखा. तेवढंच ऱ्हायलंय तिचं."

मी हो म्हणालो. ही माझी पहिली जबान, लक्षात ठेवा.

त्या कणसाचं बी वेगळं पेरलं. चाचणीत त्याची ओळ आली एकतिसावी, म्हणून कागदावर त्याचं नाव पडलं एकतीस. पुढं सात वर्षं हेच. पेरायचं, पिशव्या चढवायच्या, कमी-जास्त निघेल ते उपटायचं, चांगलं तेवढं पाकिटात भरून माझ्या भांडारात ठेवायचं. दोन हजार अठराला पुन्हा पावसानं दगा दिला. आजूबाजूच्या ओळी खडखड्यानं लोळल्या आणि एकतीस ताठ उभी. भुजंग सर लहान लेकरासारखे ओळीच्या कडेनं फिरत होते. आम्ही तिला एकतीस म्हणायचो, सटवाजी आई म्हणायचा. सकाळी भांडाराच्या दारात येऊन सांगायचा, "आई निसवली बगा," नाहीतर "आईला मावा दिसायलाय, औषध काढा." नवीन पोरांना हसू यायचं. मी त्यांच्यावर खेकसायचो.

मग भुजंग सर निवृत्त झाले. जायच्या आधी दिल्लीच्या बियाणे बँकेला नमुना पाठवायचा म्हणून त्यांनी पत्र लिहून ठेवलं होतं, त्यावर वरच्या सह्या व्हायच्या राहिल्या. वर्षभरात सर हृदयविकारानं गेले. ते पत्र अजूनही कुठल्यातरी टेबलाच्या खणात असेल.

नवीन संचालक आले ते उद्योगांशी भागीदारीचं खूळ डोक्यात घेऊन. खूळ म्हणतो, पण कल्पना वाईट नव्हती, हे मला कबूल आहे. विद्यापीठानं नुसते प्रबंध लिहून कपाटात ठेवायचे आणि शेतकऱ्यानं बाजारातलं मिळेल ते बी पेरायचं, यात कुणाचं भलं होतं? बियाणं कंपनीकडं वाढवायची ताकद असते, गाड्या असतात, गावोगाव दुकानं असतात. एकतीससारखा वाण शेतकऱ्यापर्यंत जायचा तर कुणाचा तरी हात धरावाच लागला असता. मी सटवाजीला हे सांगितलं तेव्हा तो खूश झाला होता. "म्हंजे आई गावोगाव जाईल म्हना की!"

संचालकांनी एक गुळगुळीत पुस्तिका छापली. वर मोठ्या अक्षरात 'आमची संशोधन बलस्थाने'. आत पहिल्याच पानावर अवर्षण सहन करणारी रब्बी ज्वारी, आणि फोटो एकतीस नंबरच्या ओळीचा. पुस्तिका हैदराबादच्या एका बियाणं कंपनीला गेली आणि तिकडून पाहणीला येतो असा निरोप आला.

पाहुणे येणार म्हणजे बसवायचे कुठं? चांगली, थंड, कोरडी खोली एकच होती, माझं बियाणं भांडार. तीच रिकामी करून तिथं 'उद्योग समन्वय कक्ष' करायचं ठरलं. बियाण्याची कपाटं उतरवली आणि सगळी पाकिटं खोक्यांत भरून व्हरांड्यात ताडपत्रीखाली ठेवली. मी तीनदा लेखी कळवलं, तोंडी भांडलो. संचालक म्हणाले, "माणिकराव, आठ दिवसांचा प्रश्न आहे." आठाचे चाळीस दिवस झाले. परतीचा पाऊस असा तिरपा आला की ताडपत्री उडून गटारात पडली. सुट्टीचा दिवस होता. सोमवारी जाऊन बघतो तर पाकिटं फुगलेली आणि खोक्यांत ज्वारीला मोड आलेले. मी व्हरांड्यात फतकल मारून बसलो आणि रडलो, लाज कशाची?

सटवाजी रडला नाही. त्यानं एकतीसची तीनही पाकिटं फोडली, कापडावर पसरली आणि मोड न आलेला एकेक दाणा वेचला. ओंजळभरसुद्धा निघाले नाहीत. ठेवून उपयोग नव्हता, ओल लागलेलं बी टिकत नाही. त्यानं दोन दिवसांत ते पेरून टाकलं, विहिरीच्या पूर्वेच्या अंगाला एक ओळ. थोडं उगवलंच नाही, थोडं खोडमाशीनं खाल्लं, थोडं रानडुकरांनी. पौषात उरली अठरा ताटं. विद्यापीठाचं बलस्थान म्हणून पुस्तिकेत जे छापलं होतं, ते जगात तेवढंच होतं, अठरा ताटं. सटवाजीनं अठराच्या अठरा कणसांवर पिशव्या चढवल्या. पिशव्यांवर माझ्या हातचं ३१.

आता इथं एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळा घात तिथंच झाला. केंद्रावर दरवर्षी कुणी ना कुणी हुरडा खायला यायचंच. आमदाराची माणसं, विद्यापीठातले साहेब, त्यांचे मेव्हणे. त्यासाठी विहिरीच्या पश्चिमेला आम्ही गूळभेंडी लावायचो, खास हुरड्याची ज्वारी. पाखरं ती टोचून खराब करायची. पाहुण्यांना टोचलेलं, शिटलेलं कणीस कसं द्यायचं, म्हणून सटवाजीनं एक वर्षी माझ्याकडून जुन्या पिशव्या मागून नेल्या आणि गूळभेंडीलाही चढवल्या. सगळ्यांना फार आवडलं. पुढं ती रीतच पडली. पिशवीतलं कणीस ते पाहुण्यांचं. संचालकांपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांच्या डोक्यात ते पक्कं बसलं. कागदी पिशवी मुळात कशासाठी असते, हे आमच्याच केंद्रावर निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. आणि त्या जुन्या पिशव्या दिल्या कुणी? मी दिल्या.

जानेवारीत कंपनीचे मोठे साहेब आले. मांडव, खुर्च्या, फुलं, सगळं एका ठेकेदाराकडं दिलेलं. कार्यक्रम सजवायला आलेल्या बाईला वातावरण गावरान पाहिजे होतं. तिनं सटवाजीला बाजारातून आणलेली नवी कोरी घोंगडी पांघरायला दिली आणि हातात रंगवलेली काठी. पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणाऱ्या माणसाला धनगराचं सोंग! मी तिला दोन शब्द सुनावणार होतो, सटवाजीनं हात दाबला. "आसू द्या. आज आईचं काम हाय."

एरवी कणसं तोच कापायचा. त्या दिवशी त्याला आगटीपाशी बसवून ठेवलं, खड्ड्यात गोवऱ्या पेटवून निखारा करायला, कारण फोटो काढायचे होते. मी नव्या कक्षात फीत, कात्री, तबक यांत गुंतलेलो. मांडववाल्यांचा माणूस धावत आला, "साहेब, हुरड्याची कणसं कुठली आणायची?"

मी मान वर न करता म्हणालो, "विहिरीपाशी पिशव्या घातलेली आहेत बघ, ती आण."

एवढंच बोललो. चार पावलं चालून खिडकीतून पश्चिमेकडं बोट दाखवलं असतं तरी झालं असतं.

पाहुणे पळसाच्या पानांपुढं बसले. लसणाची चटणी, दही, गूळ, सगळं वाढलेलं. सटवाजी कणसं निखाऱ्यात फिरवत होता आणि गरम गरम तळहातावर चोळून दाणे पानांवर टाकत होता. मी कक्षाचं दार लावून तिकडं आलो तेव्हा तो चौथं कणीस चोळत होता, आणि थांबला. गूळभेंडी एका चोळ्यात सुटते. एकतीसचा दाणा टरफल धरून बसतो, दोन-तीनदा चोळावं लागतं. त्यानं तळहाताकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी त्याच्या शेजारच्या टोपलीकडं बघितलं. टोपलीमागं काढून टाकलेल्या पिशव्यांचा ढीग होता आणि वरच्याच पिशवीवर माझ्या अक्षरात ३१.

टोपलीत अजून चौदा कणसं होती, न भाजलेली. दाणा चिकातून पुढं सरकलेला. सावलीत नीट वाळवली असती, तर त्यातले काही दाणे उगवले असते, हे मला माहीत होतं आणि सटवाजीला माझ्याहून जास्त माहीत होतं. टोपली उचलायची, एवढंच करायचं होतं.

"अरे सटवाजी, थांबलास का? पाहुण्यांची पानं रिकामी आहेत," संचालक हसत म्हणाले.

सटवाजी माझ्याकडंच बघत होता. मी काय केलं सांगू? मी वाकलो, त्या पिशव्या गोळा केल्या आणि खिशात कोंबल्या. कुणी नंबर वाचू नये म्हणून. कंपनीचे साहेब पानावर, करार टेबलावर, आणि भांडारपालानं पाहुण्यांना शुद्ध बी भाजून घातलं हे तिथं कळलं असतं, तर माझी काय गत झाली असती? मी नजर खाली घातली.

त्यानं पाचवं कणीस निखाऱ्यात घातलं. मग सहावं. घाई नाही, हयगय नाही. अठरा कणसं त्यानं नीट भाजली, नीट चोळली, फुंकर मारून टरफलं उडवली आणि सगळ्यांच्या पानांवर सारखी वाढली. शेवटचं कणीस जरा जास्त वेळ निखाऱ्यात राहिलं, ते त्यानं उघड्या हातानं बाहेर काढलं. तळहाताला फोड आला. कंपनीच्या साहेबांनी पान पुढं केलं, त्यानं ते दाणे त्यांच्या पानावर ओतले.

नंतर मी त्याला विचारलं, "अरे, तू तरी का बोलला नाहीस? तू बोलला असतास तर मी..."

"मानसं खायला बसली हुती माणिकराव. पानावर बसलेल्याच्या म्होरनं टोपली उचलायची? आईनं दुष्काळात सुदिक कुनाला तसं उठवलं न्हाई." आणि पुढं म्हणाला, "तुमी उभे हुता. तुमाला उचलता आली असती."

हे तो रागावून बोलला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढचं ऐका. साहेब बोटं चाटत म्हणाले, "वाह! ये कौन सी ज्वारी है?" संचालकांनी माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एकतीस." मग घाबरलेला माणूस बडबडतो तसा मी बडबडत सुटलो. दुष्काळ, मेंढरं, अंबाबाई, एकटं उभं राहिलेलं ताट, भुजंग सरांचा शब्द. बी आता उरलं नाही, एवढं सोडून सगळं. साहेबांचे डोळे ओले झाले. म्हणाले, अशी गोष्ट असलेलं बी विकावं लागत नाही, लोक मागून नेतात. करार त्याच दुपारी झाला. पहिल्याच कलमात लिहिलं, वाण क्रमांक एकतीस, नाव 'अंबा'. सटवाजीला नारळ आणि शाल. घोंगडी त्या बाईनं आठवणीनं परत नेली.

सटवाजीनं अठरा बुडखे सोडले नाहीत. कापलेल्या बुडातून पुन्हा खोडवा फुटेल म्हणून तो विहिरीतून कळशी कळशी पाणी आणून घालू लागला. मीही जायचो, गुडघे धरून. फाल्गुनात पाच बुडख्यांना फुटवे आले. सटवाजीनं मला हाताला धरून नेऊन दाखवले. एप्रिलात बारीक कणसं निसवली, आणि उन्हानं फुलोरा करपला. दाणा धरलाच नाही. एका कणसात सात पोचट दाणे निघाले. ओल्या कागदाच्या सुरळीत ठेवून उगवण बघायची, हे माझं रोजचं काम. सातातला एकही उगवला नाही. दहा दिवस सटवाजी रोज दारात येऊन उभा राहायचा आणि मी मान हलवायचो. अकराव्या दिवशी तो आला नाही.

कंपनीची पत्रं यायला लागली. बी पाठवा. शेवटी मी संचालकांपुढं सगळं ओकलो. त्यांनी पुढ्यातली फाइल मिटली. मग म्हणाले, "सत्तावीस तशीच दिसते ना? तिचं बी शेताकडच्या गोदामात आहे."

"दिसते साहेब. पण दुष्काळात उभी राहत नाही."

"सध्या तेच द्या. पुढं बघू. अहो, विद्यापीठाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे."

निवृत्तीला दोन महिने उरले होते. मी पाकीट भरलं. वर लेबल लावलं, ३१, अंबा. चिकटवत होतो तेव्हा सटवाजी आत आला. त्यानं पाकिटातला एक दाणा उचलला, तळहातावर फिरवला, दातानं फोडला.

"ही कोन हाय?"

"सत्तावीस."

"मग तिचं नाव लिव्हा की."

मी लेबलाच्या कडा अंगठ्यानं दाबत राहिलो.

"माणिकराव, आई गेली ती गेली. आमच्या हातानंच गेली. पन दुसऱ्या कुनाला तिचं नाव नका लावू. पाया पडतो तुमच्या."

आणि तो खरंच वाकला. साठीला आलेला माणूस माझ्या पायावर वाकला. मी त्याला उठवलं, "बघतो, बघतो," म्हणालो. ही माझी दुसरी जबान. दुपारच्या टपालानं पाकीट गेलं. सटवाजीनं दुसऱ्या दिवसापासून कामावर येणं बंद केलं.

कंपनीनं पावसाळ्यात बी वाढवलं आणि दोन हजार तेवीसच्या रब्बीला मानवत-सेलूकडच्या गावांत प्रात्यक्षिकाचे प्लॉट घेतले. रस्त्याच्या कडेला फलक लागले, 'अंबा, दुष्काळातही ताठ उभी'. खाली घोंगडी पांघरलेल्या सटवाजीचा फोटो. त्या वर्षी पाऊस कमीच झाला होता. जमिनीत ओल नाही. माघात खडखड्या आला आणि सगळ्या गावांतली अंबा आडवी झाली.

तेव्हा सटवाजी माझ्या घरी आला. वर्षभरात खंगला होता. चहा घेतला नाही, उंबऱ्याशीच बसला.

"शिव्या आईला बसायल्यात माणिकराव."

"म्हणजे?"

"पारावर मानसं बोलायल्यात. अंबा भिकार निघाली. अंबानं तोंडात माती घातली. एक जन तर थुकला तिचं नाव घिऊन. मी मेंढरं घिऊन खालमानेनं जायलोय तिथून. त्यांची काय चूक हाय? त्यांचं रान झोपलंय." मग हात जोडले. "तुमी एक डाव गावात या. पारावर एवढंच सांगा की ही ती न्हवं. माजं कोन ऐकायलंय? तुमचं ऐकतील. तुमी भांडारवाले."

"येतो. सोमवारी येतो," मी म्हणालो. तिसरी जबान.

सोमवारी मी गेलो नाही. माझे निवृत्तीचे कागद अजून संचालकांच्या सहीत अडकले होते, आणि गुडघा दुखत होता, आणि खरं सांगायचं तर हिंमत नव्हती. त्याच्या गावचा एक जण नंतर भेटला, तो म्हणाला, सटवाजी सकाळपासून फाट्यावर बसून होता, प्रत्येक एसटी थांबली की उठून उभा राहायचा. त्यानंतर आठवडाभरानं तो डांबराचा डबा घेऊन रस्त्यानं निघाला आणि आठ फलकांवरचं आईचं नाव पुसत गेला. स्वतःच्या फोटोला हात लावला नाही. कंपनीच्या माणसांनी धरून पोलिसांत दिला. दिवसभर बसवून ठेवला, समज दिली, सोडला. ठाण्यातल्या साहेबानं विचारलं की असं का केलंस, तर म्हणे एवढंच बोलला, "आईचं नाव हाय ते."

आता तो माझ्याकडं येत नाही. बाजारात दिसला तर रस्ता बदलतो, आणि तो बदलायच्या आधी मी बदलतो.

म्हणून हे लिहिलं. त्याच्या गावच्या पारावर कुणीतरी हे मोठ्यानं वाचावं. ज्या ज्वारीला तुम्ही शिव्या देता ती अंबा नव्हे. ती सत्तावीस नंबर. पाकीट मी भरलं आणि लेबल मी लावलं. अंबाबाईची ज्वारी दुष्काळात उभी राहायची, मी माझ्या डोळ्यांनी बघितली आहे. ती आम्ही आगटीत भाजून खाल्ली. त्या दिवशी संचालक म्हणाले, माणिकरावांनाही द्या, तेव्हा सटवाजीनं माझ्या हातावर मूठभर दाणे ठेवले, आणि सगळे बघत होते म्हणून मी ते खाल्ले.